रिसेप्शनला बार ठेवायचाय? मग एवढं आधी ठरवा

“ताई, जेवणाचं तुमच्याकडे आहेच. पण रिसेप्शनला एक छोटासा बारही ठेवायचाय. गोंधळ तर होणार नाही ना?”

तुळशीची लग्नं लागली की असे फोन यायला लागतात. नाशकात आमचं केटरिंग आहे आणि लग्नाची कामं आम्ही गेली 16 वर्षं करतोय. फोन करणारा बहुतेक वेळा नवरदेवाचा थोरला भाऊ असतो, नाहीतर नवरीचा मामा. त्याने आजवर कधी बार लावलेला नसतो. “ते तू बघ” म्हणून घरच्यांनी काम त्याच्या गळ्यात टाकलेलं असतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

मी स्वतः घेत नाही. कुणी बार ठेवावा की ठेवू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ठेवायचा असेल तर उघडपणे ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते, आणि त्याला कारण आहे.

आमच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका लॉनवर रिसेप्शन होतं. घरचे म्हणाले होते, दारूबिरू काही नाही, साधं जेवण. रात्री नऊच्या सुमाराला पाण्याच्या काउंटरवरचे कागदी पेले भराभर संपायला लागले. पाण्याचे जार मात्र भरलेलेच. पेले कुठे चाललेत ते बघायला मी एका मुलामागून गेले, तर पार्किंगमध्ये एका गाडीची डिक्की उघडी आणि भोवती पंधरावीस जण उभे. सोडा संपलेला, बर्फ नाही, चखणा म्हणून आमच्याच मठ्ठ्याच्या काउंटरवरचं मीठ. तासाभराने जनरेटरच्या मागे नवरदेवाचा मावसभाऊ पडलेला सापडला. वय 19. दवाखान्यात नेला, सलाईन लावलं, सकाळी शुद्धीवर आला. रात्री डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना एकच विचारलं, “किती प्यायलाय?” तिथे उभ्या असलेल्या आम्हा सहा जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

काउंटर असता तर सांगता आलं असतं. काउंटरवर माप असतं, माणूस असतो, दिवा असतो. डिक्कीत यातलं काहीच नसतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या बार कसा थाटायचा यापेक्षा तो आवाक्यात कसा ठेवायचा याच्या आहेत.

पायरी 1 : तारीख बघा

मुहूर्त निघाला की गुरुजींच्या पंचांगाशेजारी ड्राय डेची, म्हणजे दारूविक्री बंद असलेल्या दिवसांची, यादी ठेवा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर देशभर बंद. महाराष्ट्रात 30 जानेवारी आणि आषाढी-कार्तिकी एकादशीही यादीत असतात. कार्तिकी आणि तुळशीचं लग्न लागोपाठ येतात, त्यामुळे हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गडबड होते.

निवडणूक त्याहून फसवी. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास दारूविक्री आणि वाटप बंद असतं, मतमोजणीच्या दिवशीही बंदी लागते. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, म्हणजे 18 च्या संध्याकाळपासून सगळं बंद. त्या आठवड्यात मुहूर्त होते आणि हॉल सहा महिने आधी ठरलेले होते. निवडणूक जाहीर होण्याआधी तारीख ठरली असेल तर कुणाचा इलाज नाही. जाहीर झाली की लगेच बघा, आणि आडवी येत असेल तर त्या दिवसाचा बार सोडून द्या. “आतल्या आत करू” म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, कारण खटला झाला तर नाव ज्याने हॉल घेतला त्याचं लागतं.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, वर्ध्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून. तिथे रिसेप्शन असेल तर हा लेख इथेच मिटा आणि चांगलं पन्हं करा. चंद्रपुरातली 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली, तिथे आता बाकी राज्यासारखंच.

पायरी 2 : जागा आणि कागद

नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. “लॉन आपण दिवसभरासाठी घेतलाय, आपली खासगी जागा झाली” असं त्याला वाटतं. तसं नसतं. हॉल असो, लॉन असो की कुणाचं फार्महाऊस, समारंभात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, विभागाचं जिल्हा अधीक्षक कार्यालयही माहिती देतं. फी बदलत राहते, त्यामुळे मेहुण्याच्या लग्नातला आकडा गृहीत धरू नका. अर्ज निदान पंधरा दिवस आधी करा. परवान्यावर जागा आणि वेळ लिहिलेली असते, ती पाळायची. त्याची प्रत काउंटरच्या मागे दिसेल अशी लावा. तपासणीला कुणी आलं तर कागद शोधत फिरावं लागत नाही.

हॉटेलात रिसेप्शन असेल तर हॉटेलकडे परमिट रूमचा परवाना असू शकतो, पण तो नकाशात दाखवलेल्या जागेपुरताच. आतला हॉल त्यात असेल आणि बाहेरची हिरवळ नसेल, असं होतं. मॅनेजरला सरळ विचारा, “आम्ही जिथे काउंटर लावणार ती जागा तुमच्या परवान्यात आहे का?” उत्तर लेखी घ्या. बाहेरून बाटल्या आणायची मुभा आहे का, असेल तर कॉर्केज, म्हणजे बाहेरच्या बाटलीमागे हॉटेल घेतं ते शुल्क, किती, हेही त्याच कागदावर. मंगल कार्यालयांचे नियम वेगळे. पुष्कळ कार्यालयांत, विशेषतः ट्रस्टच्या, दारूला साफ मनाई असते. तिथे हुज्जत घालू नका.

महाराष्ट्रात कायद्याने पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. 1949 च्या दारूबंदी कायद्यापासून ही पद्धत आहे. विदेशी मद्यासाठी, म्हणजे व्हिस्की-रम वगैरेसाठी, एका दिवसाचा परवाना 5 रुपयांचा, वर्षाचा 100 चा, आजीव 1000 चा. पाहुण्यांसाठी एका दिवसाचे परवाने आधीच घेऊन ठेवा, रक्कम किरकोळ आहे.

पायरी 3 : घरात बसून ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बारवर होणारी भांडणं खरं तर महिनाभर आधी घरात न झालेल्या बोलण्यातून होतात.

दोन्ही घरचे एकत्र बसा. वेगवेगळं बसून निरोप पाठवू नका. आमच्याकडे एक लग्न होतं, मुलीकडचे माळकरी, आजोबा दरवर्षी पायी वारी करणारे. मुलाकडच्यांचा मित्रपरिवार मोठा, पुण्या-मुंबईचा. मुलाचे वडील बिचारे संकोचाने विषयच काढेनात आणि मुलाचे मित्र परस्पर माझ्या नवऱ्याला फोन करू लागले. शेवटी मी नवरीच्या आत्याला गाठलं आणि दोन्ही व्याह्यांना समोरासमोर बसवलं. आजोबा स्वतः म्हणाले, “तुमचे पाहुणे तुम्ही सांभाळा, फक्त आमच्या पंगतीत वास नको.” एवढ्या एका वाक्यावर सगळं ठरलं. बार वरच्या मजल्यावर, जेवण खाली. बारचे वेटर वेगळे, ग्लास वेगळे, ते ग्लास धुवायची जागासुद्धा वेगळी. सोहळा शांतपणे पार पडला.

त्या बैठकीत चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

एक, वेळ. बार किती वाजता उघडणार आणि किती वाजता बंद होणार. माझ्या मते सगळ्यात चांगली मर्यादा वेळेचीच. अडीच तास पुरेसे असतात. साडेसातला उघडा, दहाला बंद करा. रात्री 10 नंतर लाउडस्पीकरही बंद करावा लागतो, त्यामुळे संगीत थांबणं आणि बार थांबणं एकत्र होतं आणि कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

दोन, काय देणार. फक्त बिअर आणि वाइन ठेवली तर काम निम्मं हलकं होतं. आमच्या नाशकात वाइन घरचीच, त्यामुळे इथे ते सहज चालतं. व्हिस्की-रम ठेवणार असाल तर शॉट नाही, पाणी-सोड्याशिवाय कोरी नाही आणि टेबलावर बाटली नाही, एवढं तिथेच नक्की करा. टेबलावर बाटली गेली की माप गेलं.

तीन, किती. काही जण कुपनं वाटतात. मित्रांच्या पार्टीत ते ठीक, पण घरच्या रिसेप्शनला साठीच्या काकांच्या हातात तीन कुपनं ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा एका वेळी एका माणसाला एकच ग्लास हा नियम करा. “तिघांसाठी दे” म्हणून ट्रे भरून नेणं बंद झालं की अर्धं नियंत्रण आपोआप येतं, कारण प्रत्येक जण काउंटरला स्वतः येतो आणि त्याची चाल, त्याचं बोलणं वाढणाऱ्याला दिसतं.

चार, नाही कोण म्हणणार. हे नाव ठरवल्याशिवाय उठू नका. त्या रात्री अजिबात न पिणारा माणूस हवा, आणि दोन्हीकडे त्याचा शब्द चालायला हवा. नवरीच्या वडिलांवर हे काम टाकू नका. खर्च बहुधा त्यांचाच असतो, पण वरपक्षाच्या पाहुण्याला मुलीच्या बापाने “आता पुरे” म्हणणं आपल्याकडे अजूनही सोपं नाही. ते ओशाळतात आणि आणखी एक बाटली मागवतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी अट घालते: मुलाकडच्या पाहुण्यांना थांबवणारा माणूस मुलाकडचाच. नवरदेवाचे मामा, थोरले मेहुणे, एखादी खमकी आत्या, कुणीही चालेल. नवरदेवाचा जिवलग मित्र मात्र नको, त्याला कुणी जुमानत नाही.

ठरलं की पाहुण्यांना आधी कळवा. पत्रिकेत नको. व्हॉट्सअॅपवर वेळेच्या निरोपातच एक ओळ घाला: “बार 7.30 ते 10, जेवण 8.30 पासून. गाडी चालवणाऱ्यांची परतीची सोय केली आहे, आधी कळवावे.” आधी कळलेला नियम कुणाला टोचत नाही. काउंटरवर पहिल्यांदा कळला की अपमान वाटतो.

पायरी 4 : हिशेब आणि खरेदी

नवखा माणूस घाबरून दुप्पट माल आणतो. माल उरला की “संपवून टाका” सुरू होतं, आणि रात्री साडेदहा-अकराचे सगळे तमाशे त्या उरलेल्या मालावरचे असतात.

पाहुण्यांची यादी घेऊन बसा आणि पिणाऱ्यांच्या नावापुढे खूण करा. घरातल्या बायकांना सोबत घ्या, त्यांना सगळं बरोबर ठाऊक असतं. समजा 400 पाहुण्यांत 100 खुणा झाल्या. त्यातले 60 व्हिस्की-रमवाले, 30 बिअरचे, 10 वाइनचे. प्रत्येकाला अडीच तासांत तीन वेळा मिळेल असं धरा.

30 मिलीचा स्मॉल दिलात तर 60 जणांना 180 पेग, म्हणजे 5400 मिली, म्हणजे 750 च्या 8 बाटल्या. लार्ज, म्हणजे 60 मिली दिलात तर 15 बाटल्या. तीन लार्ज म्हणजे 180 मिली. “फक्त तीनच घेतले” म्हणणाऱ्या माणसाने एक अख्खी क्वार्टर घेतलेली असते. म्हणून आमच्या काउंटरवर न विचारता स्मॉल भरतात, हवा तर माणूस परत येतो. बिअरच्या 330 मिलीच्या बाटल्या 90 लागतील, 24 च्या चार पेट्या. वाइन 150 मिलीच्या ग्लासाने 30 ग्लास, म्हणजे 6 बाटल्या. एवढंच आणा.

बिअर हलकी असते, हा गैरसमज मनातून काढा. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरमध्ये 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. 330 मिलीच्या बाटलीत ते झालं सुमारे 26 मिली. व्हिस्कीत 42.8 टक्के, म्हणून 30 मिलीच्या स्मॉलमध्ये सुमारे 13 मिली. एक छोटी स्ट्राँग बिअर म्हणजे दोन स्मॉल, आणि 650 ची मोठी बाटली म्हणजे चार. रिसेप्शनला माइल्डच ठेवा. उन्हाळ्यातल्या लग्नात तहानेने आलेला माणूस स्ट्राँग पाण्यासारखी पितो.

खरेदी परवानाधारक वाइन शॉपमधूनच करा आणि बिलं परवान्यासोबत एका फायलीत लावा. दोन मोह टाळा. गोव्याहून येणारा पाहुणा “तिकडे स्वस्त आहे, चार पेट्या आणतो” म्हणेल. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, नाक्यावर गाडी जप्त होते. लेबलवर कुठल्या राज्यात विक्रीसाठी आहे ते छापलेलंच असतं. लष्करी कँटीनच्या बाटल्यांचंही तसंच, त्या ज्या जवानाला मिळाल्या त्याच्यासाठी असतात, लग्नाच्या काउंटरसाठी नाहीत. आणि कुणी निम्म्या भावात सुटा माल देतो म्हणाला तर 2015 साल आठवा. मुंबईत मालवणीला विषारी दारूने 100 पेक्षा जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही.

पायरी 5 : काउंटरची मांडणी

काउंटर मुख्य दारापासून आणि स्टेजपासून लांब लावा, पण अंधारात लावू नका. जेवणाचं पहिलं टेबल तिथून दिसायला हवं. जेवण दिसलं की माणूस जेवतो. बारजवळ खारे शेंगदाणे आणि वेफर्स एवढ्यावर भागवू नका, खारटाने तहान वाढते. उकडलेली अंडी, पनीर, कबाब, बटाटेवडे असं पोटात बसणारं द्या आणि ते बार उघडायच्या आधी फिरवा. रिकाम्या पोटी घेतलेली दारू लवकर चढते.

त्याच काउंटरवर, त्याच काचेच्या ग्लासात कोकम सरबत, लिंबू सोडा, पन्हं ठेवा. न पिणाऱ्या माणसाला कोपऱ्यातला प्लास्टिकचा पेला देऊ नका. हातात सारखाच ग्लास असला की “अरे, घे की एक” म्हणणारे गप्प बसतात. पुष्कळ तरुण मुलं केवळ तेवढ्यासाठी घेतात. पाणी भरपूर ठेवा आणि प्रत्येक दुसऱ्या पेगाबरोबर मागितलं नसलं तरी द्या.

बार उघडण्याच्या अर्धा तास आधी बार सांभाळणाऱ्या मुलांना एकत्र बोलवा. त्यांच्या हातात मापाचा कप द्या, त्याचं एक टोक 30 चं आणि एक 60 चं. “अंदाजाने ओतू नकोस” एवढं सांगून भागत नाही. पाणी घेऊन समोर ओतून दाखवा. काचेच्या रुंद ग्लासात 30 मिली इतकं थोडं दिसतं की पोराचा हात आपोआप पुढे जातो. आधी बर्फ, मग माप, मग सोडा, हा क्रम ठेवला की ग्लास भरलेला दिसतो आणि पाहुण्याची तक्रार राहत नाही.

आणि बक्षिसाचं आधीच मिटवा. पाहुणा खिशात 500 ची नोट सरकवतो आणि पेग मोठा होतो. मुलांना यजमानांनी सुरुवातीलाच सांगावं, “तुमची बक्षिसी शेवटी माझ्याकडून, पाहुण्यांकडून घ्यायची नाही.” आणि शेवटी ती खरोखर द्यावी. रात्री अकरापर्यंत लोकांचे टोमणे खाणारी ही मुलं विशी-बाविशीची असतात. त्यांच्याशी कुणी उर्मट वागलं तर तुम्ही मध्ये पडा.

पायरी 6 : वय

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, व्हिस्की, रम, व्होडका वगैरेसाठी 25. मुलाचं लग्नाचं कायदेशीर वय 21 आहे, म्हणजे 24 वर्षांच्या नवरदेवाला स्वतःच्या रिसेप्शनला व्हिस्की देता येत नाही. त्याच्या वर्गमित्रांनाही नाही. मित्रांच्या टोळक्यातले निम्मे तरी 25 च्या आतले असतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच असं धरून चाला.

काउंटरवर आधार कार्ड मागत बसायला लावू नका, वेटरची त्यात फरफट होते. मित्रमंडळी आली की प्रवेशाजवळच नवरदेवाच्या बहिणीने किंवा भावाने हाताला कागदी पट्टी बांधावी. 25 वरच्यांना एक रंग, 21 ते 25 ना दुसरा. घरातलंच कुणी बांधतंय म्हटल्यावर थट्टामस्करीत होऊन जातं. पट्टी नाही तर सरबत. ज्यांच्या केसांत पांढरं दिसतंय त्यांना अर्थातच पट्टीची गरज नाही.

चुलते-मामे कंपनीवर लक्ष ठेवा. “मी आहे ना, घे एक घोट, आता मोठा झालास” म्हणत बारावीतल्या भाच्याच्या हातात ग्लास देणारे हेच असतात. त्यात प्रेमच असतं, पण एकोणीस वर्षांचा तो मुलगा मला अजून दिसतो. अशा वेळी थांबवायला नेमलेल्या माणसाने ग्लास सरळ हातातून घ्यावा.

पायरी 7 : नाही कसं म्हणायचं

पहिल्यांदा मी म्हणायचे, “काका, आधी जेवून घ्या, मग बघू.” चुकीचं वाक्य. “मग बघू” हे त्यांना वचन वाटतं. चार घास खाऊन ते परत येतात आणि आता त्यांची बाजू खरी असते.

आता मी असं सांगते: “काका, तुमच्यासाठी आता बंद केलंय. पान वाढायला सांगितलंय, चला, मी बसते तुमच्याजवळ.” कारण सांगत नाही. “तुम्हाला जास्त झालीय” हे शब्द तर अजिबात नाहीत. ते ऐकलं की माणूस जास्त झाली नाही हे सिद्ध करायला लागतो, आणि ते सिद्ध करायला त्याला आणखी एक लागतो. आवाज खाली ठेवा, नाव घेऊन किंवा नात्याने हाक मारा, चारचौघांतून थोडं बाजूला घ्या. त्यांची बायको, मुलगी समोर असेल तर तिच्याकडे बघूसुद्धा नका, तिला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं.

वेटरने स्वतः नाही म्हणायचं नाही. त्याने फक्त “दादा, एक मिनिट, आत्ता आणतो” म्हणून सरकायचं आणि ठरलेल्या माणसाला खूण करायची. आमच्याकडे खूण म्हणजे खांद्यावरचा नॅपकिन दुसऱ्या खांद्यावर टाकणं. मामा येतात, खांद्यावर हात टाकतात, विषय लग्नाचा काढतात आणि चालत चालत जेवणाकडे नेतात. दहातले आठ जण असे निघतात.

उरलेल्या दोघांतला एखादा भडकतो. “कुणाच्या बापाचं पितोय का मी?” असं म्हणतो. उलट बोलू नका. त्याच्यासोबत आलेल्या माणसाला बोलवा, गाडी दारात लावायला सांगा आणि त्याला सन्मानाने घरी पाठवा. हात लावायची, ओढायची वेळ येऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी तो नातेवाईकच असणार आहे.

बोलणं अडखळतंय, पाय लटपटतायत इथपर्यंत ठीक. पण कुणी हाका मारूनही उठत नसेल, अंग गार पडलं असेल, श्वास थांबून थांबून येत असेल तर ती झोप समजू नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. एकटं सोडू नका, तोंडात लिंबू पिळू नका, उलटी काढू नका, 108 ला फोन करा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा साधारण किती मापं झाली, ते काउंटरवरचा मुलगा या वेळी सांगू शकेल.

पायरी 8 : बंद करणं आणि घरी पोचवणं

बंद व्हायच्या अर्धा तास आधी एकदा सांगा, “साडेनऊ झाले, दहाला बंद होईल.” शेवटच्या पाच मिनिटांत “लास्ट राउंड” अशी हाळी देऊ नका, त्याने सगळे एकदम धावतात आणि दोन-दोन मागतात. दहाला बर्फ आणि सोडा आधी उचला, मग बाटल्या. त्याच टेबलावर लगेच चहा-कॉफी आणि गुलाबजाम मांडा. उघड्या आणि सीलबंद बाटल्या मोजून एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात द्या. रिकाम्याही मोजा.

कॉफीने तरतरी येते, दारू उतरत नाही. शरीराला एक स्मॉल पचवायला साधारण तास लागतो. दहाला तीन लार्ज पोटात असलेला माणूस साडेदहाला गाडी चालवण्याच्या अवस्थेत नसतो, तो कितीही सरळ उभा राहिला तरी. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला भीती दंडाची नाही, रात्रीच्या हायवेची आहे. लॉन सगळे गावाबाहेर, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नसलेल्या.

म्हणून किल्ल्या बार उघडायच्या आधी घ्या, नंतर कुणी देत नाही. आम्ही प्रवेशाजवळ एक टेबल लावतो. त्यावर मसाल्याचा मोठा स्टीलचा डबा आणि दोरा बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. बारकडे जाणारा माणूस किल्ली देतो, चिठ्ठीवर नाव आणि गाडीचा नंबर लिहिला जातो. परत जाताना न पिणारा सोबत असेल तर किल्ली त्याच्या हातात. नसेल तर दोन ठरवलेल्या गाड्या आणि चार ड्रायव्हर उभे असतात. लांबून आलेल्यांसाठी जवळच्या लॉजमध्ये दोनतीन खोल्या धरून ठेवा.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला डब्यात 41 किल्ल्या जमल्या होत्या. रात्री 33 गेल्या. उरलेल्या आठ मी घरी आणल्या आणि सकाळी नवरदेवाचे मामा स्कूटरवरून येऊन घेऊन गेले. चहा पिताना त्यांनी चिठ्ठ्यांवरची नावं एकेक करून मोठ्याने वाचली आणि प्रत्येक नावाला फोन लावला.